शेजारच्या आजोबांचे पाच चाकू: कुठले वापरू, कुठले तसेच ठेवू?

मिशिगनकर:
नमस्कार मंडळी. आमच्या शेजारचे अमेरिकन आजोबा हिवाळ्यात गेले. परवा आजींनी बोलावून एक लाकडी सिगारपेटी हातात दिली. "त्यांचे चाकू आहेत. मुलांना यात रस नाही, तू त्यांच्यापाशी गॅरेजमध्ये बसायचास, तुझ्याकडेच राहू देत," म्हणाल्या. मला नाही म्हणवेना. पण आता ते नीट सांभाळायचे तर काहीतरी कळायला हवं, म्हणून विचारतोय.

पेटीत पाच नग आहेत. एक 'केस' कंपनीचा, पिवळ्या मुठीचा, दोन लांब पात्यांचा. पात्याच्या बुडाशी एका बाजूला केसचा शिक्का आणि त्याखाली सात ठिपके, दुसऱ्या बाजूला ३२५४. दुसरा 'बक' कंपनीचा मिटणारा ११०, चामड्याच्या म्यानात. त्याच्या पितळेवर हिरवट चिकट थर धरलाय. तिसरा तीन पात्यांचा ओल्ड टायमर, त्यावर 'श्रेड, एन. वाय., यू.एस.ए.'. चौथा न मिटणारा, चामड्याच्या चकत्यांची मूठ, पात्यावर 'मार्बल्स, ग्लॅडस्टोन, मिशिगन'. पाचवा लहानसा, मोत्यासारख्या चमकत्या मुठीचा, नाव पुसट. तोच सगळ्यात जास्त गंजलाय, आणि पेटी उघडली की कापरासारखा, थोडा आंबूस वास येतो.

ऑफिसातला मित्र म्हणतो, सगळे बफिंग व्हीलवर धर, आरशासारखे होतील. याच मित्राबरोबर नोव्हेंबरमध्ये पहिल्यांदा हरणाच्या शिकारीला जाणार आहे. यातला एखादा नेता येईल का?

सहाण:
मिशिगनकर, बाकी सगळं राहू दे, आधी तो मोत्याच्या मुठीचा चाकू पेटीतून बाहेर काढा आणि दुसऱ्या खोलीत उघड्यावर ठेवा. आजच. ती मूठ सेल्युलॉइडची आहे असं मी वासावरूनच सांगते. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. जुनं झालं की ते आतून विघटित होतं आणि नायट्रोजनचे ऑक्साइड सोडतं. हवेतल्या दमटपणाशी गाठ पडली की त्यांचं नायट्रिक आम्ल होतं. बंद पेटीत ते शेजारच्या प्रत्येक पात्यावर बसतं. म्हणून त्याचीच पाती सगळ्यात जास्त खाल्ली गेली आहेत. एकदा सुरू झालं की ते थांबवता येत नाही. शिवाय सेल्युलॉइड भयंकर पेट घेतं, तेव्हा त्याला कुठल्याही फिरत्या चाकाला लावू नका आणि गरम जागी ठेवू नका. ती पेटीही आता वापरू नका, लाकडात वाफा मुरलेल्या असतात.

आता तुमच्या मित्राचं बफिंग व्हील. कृपा करून नको. मी पेनसिल्व्हेनियात ईरीला राहते, कारखान्याच्या टूलरूममध्ये आयुष्य गेलं, आणि चाकांनी पोलादाचं काय होतं ते रोज पाहिलंय. धारेचा भाग कागदासारखा पातळ असतो, क्षणात तापतो. पोलाद निळं पडलं की तिथला पाणी देण्याचा गुण गेला, मग ती धार कितीही लावा, टिकत नाही. आणि शिक्क्याच्या कडा गोल होतात. संग्राहक सगळ्यात आधी शिक्का वाचतो. पुसट शिक्क्याचा चमकता चाकू आणि ठसठशीत शिक्क्याचा काळवंडलेला चाकू यांत मी डोळे मिटून दुसरा उचलेन.

तुमचा पिवळा केस बघा, तो शिक्क्यानेच बोलतो. केसने १९७०पासून ठिपक्यांची पद्धत सुरू केली. त्या वर्षी दहा ठिपके, मग दरवर्षी एक कमी, १९७९ला एकच उरला. १९८०ला पुन्हा दहा, पण तेव्हापासून इंग्रजी एस अक्षर विजेसारखं कोनदार केलं. म्हणजे सात ठिपके आणि साधा गोलसर एस असेल तर तो १९७३चा, कोनदार असेल तर १९८३चा. भिंग घेऊन बघा आणि सांगा. ३२५४ मधला ३ म्हणजे पिवळी मूठ, २ म्हणजे दोन पाती, ५४ म्हणजे ट्रॅपर हा घाट. हाडाची मूठ असती तर पहिला आकडा ६ असता, शिंगाची असती तर ५. (त्या शिंगाच्या मुठी बऱ्याचदा आपल्या सांबराच्या. भारतातून सांबरशिंगाची निर्यात बंद झाल्यापासून अमेरिकेतल्या जुन्या शिंगमुठींना लोक जिवापाड जपतात.) हे चाकू ब्रॅडफर्डचे, माझ्या घरापासून गाडीने जाऊन येण्याच्या अंतरावर. तिथे झिप्पो आणि केसचं संग्रहालय आहे, कधी या बाजूला आलात तर चुकवू नका.

ओल्ड टायमरबद्दल मला जरा जास्त जिव्हाळा आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या एलनव्हिलचा श्रेडचा कारखाना २००४मध्ये बंद पडला. ओल्ड टायमर हे नाव आजही दुकानात दिसतं, पण नाव विकलं गेलं आणि माल परदेशात बनू लागला. तुमच्या शिक्क्यावर 'एन. वाय., यू.एस.ए.' आहे, म्हणजे तो बंद पडण्याआधीचा, तिथल्या कामगारांच्या हातचा. न्यूयॉर्कमधलीच कॅमिलस ही चाकू कंपनी २००७मध्ये गेली, पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलची क्वीन २०१८मध्ये. असं एकेक दार मिटत गेलं तरी त्याच टायटसव्हिलमध्ये २००६ला ग्रेट ईस्टर्न कटलरी उभी राहिली आणि १०९५ पोलादाचे जुन्या घाटाचे चाकू करते, याचा मला फार आनंद आहे.

तर सफाई. केस आणि ओल्ड टायमर दोन्हींच्या मुठी कृत्रिम आहेत. ओल्ड टायमरची हाडासारखी दिसते, पण ती डेलरिन या प्लॅस्टिकची. त्यामुळे कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब चालेल. पाती उघडून सांध्यात साचलेला लिंट आणि तंबाखूचा भुगा लाकडी टूथपिकने काढा. पूर्ण कोरडे करा, मग सांध्यात मिनरल ऑइलचा एक थेंब घालून पाती उघडमीट करा. काळं तेल बाहेर येईल, ते पुसा, स्वच्छ तेल येईपर्यंत पुन्हा करा. स्वयंपाकाचं तेल घालू नका, ते वाळून चिकट होतं. डब्ल्यूडी-४० पाणी हाकलायला ठीक, कायमचं वंगण म्हणून नाही. पात्यावर वापराने चढलेला राखाडी-निळा रंग हात लावू नये असा, तो पोलादाचं रक्षण करतो. तांबडा, खरवडला की भुकटी सुटणारा गंज मात्र काढायचा: सगळ्यात बारीक, चार शून्यांची स्टील वूल, तेल आणि हलका हात.

बकवरचा हिरवा थर म्हणजे चामड्यातली आम्लं आणि चरबी पितळेशी भिडल्याची खूण. तेल लावून थोडा वेळ ठेवा, टूथपिकने आणि जुन्या सुती फडक्याने निघेल. यानंतर म्यान वेगळं, चाकू वेगळा. चामडं ओल धरून ठेवतं. म्यान हे कमरेला लावून नेण्यासाठी असतं, कपाटात ठेवण्यासाठी नाही. बकवर ११०च्या शेजारी काही चिन्ह आहे का पाहा. १९८६पासून ते दरवर्षाला एक चिन्ह ठोकतात. नसेल तर चाकू त्याआधीचा.

मार्बल्स मात्र माझ्या मते शिकारीला नेऊ नका. तो मिशिगनचाच, आणि जुना. चामड्याच्या चकत्या वाळून आक्रसलेल्या असतील. पाण्यात बुडवू नका, तेल पाजू नका, मऊ पडून सैल होतात. थोडं मेण चोळा, बस्स.

माळरान:
सहाण ताई, तुमच्या सफाईच्या प्रत्येक शब्दाला मान आहे, पण मार्बल्सच्या बाबतीत मी विरोध नोंदवतो. मार्बल्सचा मालक रानात वापरण्यासाठीच ते चाकू घडवत होता. मी विस्कॉन्सिनमध्ये दर हंगामाला जातो आणि चाकू कामाला लागलेला पाहण्यात मला जी मजा येते ती काचेमागे येत नाही.

मिशिगनकर, शिकारीसाठी काय लागतं ते सांगतो. हरणाचं पोट उघडताना चाकूचं काम थोडं आणि जपून असतं. साडेतीन ते चार इंचांचं न मिटणारं पातं पुरतं. मोठं पातं आत काय करतंय ते दिसत नाही. कॅलिफोर्नियाचे बॉब लव्हलेस यांनी ड्रॉप पॉइंट हा घाट लोकप्रिय केला, त्यात टोक पाठीच्या रेषेपेक्षा खाली झुकतं, त्यामुळे आतडं फुटण्याचा धोका कमी. आतडं फुटलं तर मांस खराब, म्हणून हे महत्त्वाचं. कापताना धार वर, स्वतःपासून दूर, आणि दोन बोटांच्या मधोमध टोक धरून कातडी उचलत जायचं. चाकूने हाड फोडायचं नाही, पातं पिळायचं नाही.

बक ११०नेही होतं. १९६४ला आला आणि इतक्या जणांनी त्यानेच हरणं साफ केली की वाद घालण्यात अर्थ नाही. टोक क्लिप घाटाचं, म्हणजे पाठीकडून छाटलेलं, बारीक आहे, तेव्हा जपून. पण रक्त आणि चरबी सांध्यात, विशेषतः कुलपाच्या खाचेत शिरते. खाच भरली की कुलूप पुरतं बसत नाही, आणि पातं बोटांवर मिटू शकतं. त्या दिवशीच घरी आल्याआल्या गरम पाण्याने धुवा, खाच टूथपिकने साफ करा, वाळवा, तेल द्या. रक्तात मीठ असतं, रात्रभर ठेवलं तर सकाळी ठिपके दिसतील. आणि थंडीत पितळ बर्फासारखं गार आणि रक्ताने निसरडं होतं, पातळ हातमोजे घाला.

नवा घ्यायचा झाला तर पोलादाची नावं ऐकून भुलू नका. एस३०व्ही छान धार धरतं, पण रानात ती पुन्हा लावायची तर हिऱ्याचा दगड लागतो. बकचं ४२०एचसी साधं आहे, पण त्यांनी पाणी उत्तम दिलेलं असतं आणि साध्या दगडावर पटकन पाजवता येतं. पहिल्या हंगामाला मी तेच सुचवेन.

कोकणकडा:
कायद्याचं थोडक्यात. मिशिगनमध्ये २०१७पासून बटणाने उघडणाऱ्या चाकूंवरची राज्याची बंदी उठली आहे. पण दुधारी, न मिटणारं शस्त्र लपवून नेणं अजूनही गुन्हा. शिकारीचा चाकू शिकारीसाठी नेत असाल तर त्याला सूट आहे. गाडीच्या सीटखाली वर्षभर पडलेल्या चाकूला 'शिकारीसाठी' म्हणता येणार नाही, तेव्हा हंगाम संपला की घरात ठेवा. फेडरल इमारतीत अडीच इंच किंवा त्याहून लांब पातं नेऊ नका. विमानात केबिनमध्ये कुठलाच नाही, चेक-इन सामानात गुंडाळून चालतो.

मिशिगनकर:
खूप आभार. मोत्याचा चाकू बाहेरच्या शेडमध्ये उघड्यावर ठेवला. भिंगातून पाहिलं, केसचा एस गोल आहे, म्हणजे १९७३! पात्यांवर धारेच्या अंगाला एकसारख्या बारीक रेघा आहेत, कुठेही दगडाचा ओरखडा नाही. बकवर ११०च्या जवळ कुठलंच चिन्ह नाही. मार्बल्स मात्र उलट: पातं मधोमध आत गेलंय, मुठीपाशी थोडी खाच पडली आहे, टोकही जरा बोथट. आजोबा तो वापरत होते हे नक्की.

सहाण:
तर मग निकाल सोपा झाला, आणि माळरान यांचंही समाधान होईल. कारखान्याच्या रेघा शाबूत असलेला १९७३चा केस कधीच पाजवला गेलेला नाही. त्याला दगड लागला की ती स्थिती कायमची गेली. त्याला तेल द्या, मऊ कापडात गुंडाळा, सिलिका जेलची पुडी ठेवा, आणि हाताळल्यावर बोटांचे ठसे पुसा. उघडमीट करताना त्याचा आवाज ऐका. पातं अर्ध्यात एक ठाम विसावा घेतं आणि मग खटकन बसतं. याला इथले संग्राहक 'वॉक अँड टॉक' म्हणतात, आणि जुन्या स्लिपजॉइंटची, म्हणजे कुलूप नसलेल्या, स्प्रिंगवर मिटणाऱ्या चाकूची पारख त्यावर होते. विकायचा नसला तरी किंमत बघाल, तेव्हा मागितलेल्या नव्हे, विकल्या गेलेल्या चाकूंच्या किमती बघा.

मार्बल्स वापरलेला आहे, तर तो तुम्ही वापरा, आणि मी आनंदाने म्हणते. फक्त मूठ हलते का पाहा. चकत्या फिरत असतील तर रानात नेऊ नका. बक जुना असल्यामुळे कदाचित ४४०सी पोलादाचा निघेल, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ते तेच वापरत. ते कडक असतं, धार लावायला चिवट, तेव्हा त्याला हिऱ्याचा दगड घ्या.

मार्बल्सला मात्र आर्कान्सा दगड घ्या. वॉशिटा डोंगरातला हा नोव्हॅक्युलाइट साध्या कार्बन पोलादाला फार चांगला. आधी मऊ, मग कडक. दगडावर तेल, पातं साधारण वीस अंशांवर, धार दगडात कापत पुढे जाईल असं ढकला, दाब हलका. दुसऱ्या अंगाला अंगठ्याने आडवं, धारेपासून दूर सरकवत तपासा. पूर्ण लांबीवर धारेची बारीक उलटलेली कड हाताला लागली की बाजू बदला. ती दोन्हीकडून काढून शेवटी चामड्यावर उलट ओढा. मुठीपाशी पडलेली ती खाच काढायच्या मागे लागू नका, तेवढं पोलाद घालवलंत तर पातं आणखी अरुंद होईल. खाच तशीच सोडून पुढच्या पात्याला धार लावा. मिशिगनमध्ये बंदुकीने हरणाच्या शिकारीचा हंगाम पंधरा नोव्हेंबरला सुरू होतो, तोवर एखाद्या बोथट स्वयंपाकाच्या सुरीवर हात बसवा.