जपानहून येताना घरच्यांसाठी काय आणावं? २२ जणांची यादी आहे, प्लीज मदत करा

जाईजुई_नाशिक

नमस्कार मंडळी, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं आणि मुलगी जपानला चाललोय, ग्रुप टूर आहे, टोकियो, हाकोने, क्योतो, ओसाका असे आठ दिवस. घरातून परदेशात जाणारे आम्ही पहिलेच त्यामुळे सगळ्यांना खूप अप्रूप आहे आणि मलाही मनापासून वाटतंय की प्रत्येकासाठी काहीतरी आणावं. काल रात्री वहीत नावं लिहायला बसले तर २२ झाली. सासू-सासरे, आजेसासूबाई (वय ८४, रोज दोन तास पूजा), नणंद, तिचा मुलगा जो यंदा सीईटी देतोय, जाऊ-दीर, माझे आईबाबा, ऑफिसातले आठ-नऊ जण, आणि कामाच्या मावशी ज्यांच्याशिवाय माझं घर एक दिवस चालत नाही.

बजेट २५ हजारांच्या आसपास. माणशी २३ किलोची एक बॅग आहे. सासूबाई कडक शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, केकचा तुकडा तोंडात घालायच्या आधी दहादा विचारतात. आणि मला फ्रिज मॅग्नेट, कीचेन असलं काही नकोय, आमच्या फ्रिजवर लोकांनी दिलेले इतके आहेत की कुठला कोणी दिला तेही आठवत नाही. जे घरात वापरलं जाईल असं काहीतरी सुचवा ना. आणि टूरवाले शॉपिंगला कितीसा वेळ देतात तेही सांगा.

निशिकासाईकर

ताई, मी गेली ११ वर्षं टोकियोत आहे, दरवर्षी भारतात येताना हाच प्रश्न असतो त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी ऑफिसचं बघू कारण ते सगळ्यात सोपं. जपानी माणूस गावाला जाऊन आला की ऑफिससाठी खाऊचा बॉक्स आणतोच, त्याला ओमियागे म्हणतात, आणि त्यासाठीच प्रत्येक गावाची एक ठरलेली मिठाई असते, बॉक्समध्ये प्रत्येक नग वेगळा पॅक केलेला, ८ नग, १२ नग, २० नग असं बाहेरच लिहिलेलं असतं. म्हणजे एका बॉक्समध्ये अख्खं ऑफिस होतं. स्टेशनवर ढिगाने मिळतात.

पण सासूबाईंसाठी हे बॉक्स डोळे झाकून घेऊ नका. इथे आपल्यासारखा हिरवा ठिपका नसतो. जे सगळ्यात प्रसिद्ध आहे ते टोकियो बनाना म्हणजे स्पंज केक, त्यात अंडं असतं. कास्तेला (हाही स्पंज केकच), दोरायाकी (गोड सारण भरलेले छोटे पॅनकेक), त्यातही अंडं. तांदळाच्या कुरकुरीत सेनबेईत अंडं नसतं पण कितीतरी प्रकारांत माशाचा अर्क असतो, हे लोकांना माहीतच नसतं. अंड्याला तामागो आणि जिलेटिनला झेराचिन म्हणतात, हे दोन शब्द पाठ करा, आणि फोनचा ट्रान्सलेटचा कॅमेरा पाकिटाच्या मागे धरा, अंडं असेल तर ते लेबलवर लिहिणं इथे सक्तीचं आहे.

मग द्यायचं काय? योकान. लाल अझुकीचे दाणे (चवळीसारखं छोटं कडधान्य), साखर आणि आपण ज्याला चायना ग्रास म्हणतो ते, बस. आपल्या पुरणाची घट्ट वडी केली तर कशी लागेल तसं काहीसं लागतं. अंडं नाही, दूध नाही, जिलेटिन नाही, आणि न उघडता महिनोन्‌महिने टिकतं. माझ्या आईने पहिल्यांदा खाल्लं तेव्हा म्हणाली वेलची जायफळ घातलं असतं तर नैवेद्याला चाललं असतं. वजनाला मात्र जड, त्यामुळे छोट्या वड्यांचं पाकीट घ्या.

दुसरं म्हणजे कोनपेइतो. हे नक्की घ्या. साखरेचे रंगीत काटेरी दाणे, हातात घेतल्यावर तुम्हाला संक्रांतीचा हलवाच वाटेल! करायची पद्धतही तीच, गरम कढईत दाणे फिरवत फिरवत पाक थोडा थोडा घालत राहायचा, फक्त इथे मोठी तिरकी फिरती कढई असते आणि चांगल्या कोनपेइतोला दोन दोन आठवडे लागतात. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आलेला प्रकार आहे, शब्दही त्यांचाच. माझ्या आजीच्या हातात पाकीट दिलं तर तिने एक दाणा चिमटीत धरून खिडकीजवळ नेला, काटे मोजल्यासारखं बघितलं आणि म्हणाली, काटा छान आलाय हो, यांच्या बायकांना जमतंय. जी बाई स्वतः शेगडीपुढे बसून हलवा करायची तिच्याकडून आलेली ही पावती होती, मला अजून आठवतं.

क्योतोत यात्सुहाशी मिळेल, तांदळाचं पीठ, साखर, दालचिनी. मऊ असते ती थोडेच दिवस टिकते, भाजलेली कडक असते ती खूप टिकते, तुम्ही कडकच घ्या.

टॅक्सचं: एका दुकानात एका दिवशी ५ हजार येनच्या वर खरेदी झाली की पासपोर्ट दाखवून टॅक्स फ्री मिळतं (दुकानावर तशी पाटी असते), वस्तूंवर १० टक्के आणि खाण्याच्या गोष्टींवर ८ टक्के वाचतात. खाऊची पिशवी सील करून देतात ती जपानात उघडायची नाही. १ नोव्हेंबर २०२६ पासून पद्धत बदलतेय, आधी पूर्ण पैसे भरायचे आणि एअरपोर्टवर परत मिळवायचे, पण तुम्ही एप्रिलमध्ये येताय तर तुम्हाला जुनीच.

विजय_कोल्हापूर

वरच्या दादांनी खाऊचं छान सांगितलंय, मी फक्त एका गोष्टीबद्दल सावध करतो. विजेची वस्तू घेऊ नका. मी २०१८ ला गेलो होतो, बायकोसाठी हौसेने राइस कुकर आणला, मांडीवर धरून आणल्यासारखा आणला, आणि घरी पहिल्याच दिवशी लावला तर दोन मिनिटांत जळका वास आणि कुकर बंद. जपानात वीज १०० व्होल्ट, आपल्याकडे २३०. बायको काही बोलली नाही पण तिने त्या दिवशी खास आंबेमोहोर धुऊन ठेवला होता, तो मग साध्या कुकरला लावला, मला फार वाईट वाटलं. घ्यायचंच असेल तर २२०-२४० व्होल्टचं परदेशासाठी बनवलेलं मॉडेल वेगळं मिळतं, मागचं स्टिकर स्वतः वाचा, दुकानदाराच्या हो हो वर जाऊ नका. फोन, कॅमेऱ्याच्या चार्जरचं तसं नसतं, त्यावर बहुतेक १००-२४० लिहिलेलं असतं.

त्यापेक्षा जाऊबाईंना सुरी घ्या. टोकियोतलं आसाकुसाचं देऊळ दाखवायला नेतीलच, तिथून चालत जाण्याच्या अंतरावर काप्पाबाशी म्हणून अख्खा रस्ता हॉटेलवाल्यांच्या भांड्याकुंड्यांचा आहे. काही दुकानांत सुरीवर नावही कोरून देतात. स्टेनलेसचीच घ्या, कार्बन स्टीलची धार जबरदस्त असते पण प्रत्येक वेळी पुसून कोरडी नाही केली की गंजते, आणि आपल्याकडे लिंबू टोमॅटो चिरून सुरी सिंकमध्ये पडते. आमच्या घरी आठ वर्षं तीच सुरी चालू आहे, कोथिंबीर चिरली तर काळी पडत नाही. सुरी चेक-इन बॅगेतच टाका, हातातल्या बॅगेत राहिली तर सिक्युरिटीला काढून घेतील. आणि भेट देताना त्यांच्याकडून एक रुपया घ्या, आमच्या आईने आम्हाला हेच सांगितलं होतं, धारेची वस्तू फुकट देऊ नये.

ओवी_ठाणे

जाईजुई, आजेसासूबाईंसाठी उदबत्ती आण गं! जपानी उदबत्तीत बांबूची काडी नसते, नुसत्या वासाच्या द्रव्याचीच बारीक काडी असते. आमच्याकडे सासूबाई बांबू जाळत नाहीत म्हणून बाजारातली उदबत्ती लावायच्याच नाहीत, धूपच लावायच्या, त्यांना ही दिली तर किती दिवस कपाटात जपून ठेवली आणि फक्त गुरुवारी लावायच्या. चंदनाची मागायची असेल तर ब्याकुदान म्हणायचं. धूर कमी असतो, वयस्कर माणसांना खोकला होत नाही. फक्त काडी इतकी नाजूक असते की आपल्या उदबत्तीच्या घरात उभी राहत नाही, भोक मोठं पडतं, तर वाटीत तांदूळ किंवा विभूती घेऊन त्यात खोचायची. आणि डबी हातातल्या बॅगेत ठेव, चेक-इनमध्ये माझ्या अर्ध्या मोडून आल्या.

सासऱ्यांना आणि बाबांना तेनुगुई. म्हणजे अगदी आपला पंचा, सुती, साधारण हातभर रुंद नि दोन हात लांब, त्यावर सुंदर छपाई असते, लाटा, ससे, फुजी डोंगर. घडी करून पाकिटात मावते, वजन काहीच नाही. याच्या दोन्ही टोकांना शिवण नसते, मुद्दामच, लवकर वाळावं म्हणून. पहिल्या दोनचार धुण्यांत दोरे निघतात मग थांबतात. हे देतानाच सांग, नाहीतर त्यांना वाटतं फाटका निघाला.

कपांचा सेट घेणार असशील तर पाचचा मिळतो, सहाचा शोधत बसू नको. तिथे चार आकडा अशुभ, शी म्हणजे चार आणि शी म्हणजेच मृत्यू, म्हणून भेटीचे सेट पाचाचे. मी एक सुटा कप वेगळा घेऊन सहा केले.

भाच्याला टोकियोतल्या युशिमा तेन्जिन देवळातला ओमामोरी (ताईत) आण, ते विद्येच्या देवाचं देऊळ आहे, परीक्षेच्या आधी मुलं तिथे रांगा लावतात. छोटी रेशमी पिशवी असते, आतलं उघडून बघायचं नाही. आमच्या लेकीने बारावीला कंपासमध्ये ठेवला होता. खोडता येणारी पेनं पण मुलांना फार आवडतात, पण त्याने उत्तरपत्रिका किंवा चेक लिहू देऊ नको, गरम झालं की शाई दिसेनाशी होते.

प्रवासी_७४

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. २२ जणांसाठी आणायची गरज आहे का? आठ दिवसांत तुम्ही क्योतो बघणार की याद्या? आता सगळं इथे ऑनलाइन मिळतं. आम्ही मागच्या वेळी फक्त आईवडिलांसाठी आणलं आणि बाकीच्यांना घरी जेवायला बोलावून फोटो दाखवले, सगळे खूश होते. टूरवाले आसाकुसाच्या नाकामिसे गल्लीत ४०-४५ मिनिटं सोडतात, त्यात देऊळही बघायचं असतं.

निशिकासाईकर

प्रवासीजी, वेळेचं तुमचं बरोबर आहे. म्हणून खरेदी दिवसा करूच नका. रात्री जेवण झाल्यावर हॉटेलजवळच्या सुपरमार्केटमध्ये जा, तिथे चहा, योकान, किटकॅट सगळं टुरिस्ट दुकानांपेक्षा स्वस्त असतं. माचा (हिरव्या चहाची पूड) फार घेऊ नका, एकदा डबा उघडला की लवकर उतरतो आणि फेटून प्यायची सवय नसेल तर पडून राहतो. त्यापेक्षा होजिचा (भाजलेल्या पानांचा) किंवा गेनमाइचा, त्यात भाजलेले तांदूळ असतात, गरम पाणी ओतलं की स्वयंपाकघरात चुरमुरे भाजल्यासारखा वास सुटतो. आपल्या लोकांना हे दोन लगेच आवडतात. १०० येनच्या दुकानात (टॅक्स धरून ११०, म्हणजे साठेक रुपये) पुढच्या संक्रांतीचं वाण सुद्धा होऊन जाईल, चॉपस्टिक ठेवायचे चिनी मातीचे छोटे मासे-पानं मिळतात, हळदीकुंकवाला चमचा टेकवायला छान दिसतात.

जाईजुई_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कोणी लिहील वाटलं नव्हतं. प्रवासीजी, तुमचं पटतंय पण आमच्या घरी कोणी काशीला जाऊन आलं तरी गंगेचा गडू आणि काळा दोरा गल्लीभर वाटतात, मी त्या घरात वाढलेय, मला मोकळ्या हाताने येववणार नाही. पण ऑफिसला एकच बॉक्स आणि नातेवाइकांना चहा असं केल्यामुळे यादी आता हलकी झाली. आजींना उदबत्ती नक्की. सासूबाईंना कोनपेइतो आणि योकान, दोन्ही. जावेला सुरी, रुपया घेऊन.

आता एकच राहिलं. मावशींना मी आज सरळ विचारलं, तुम्हाला काय आणू? आधी नको नकोच म्हणाल्या. मग भांडी घासून झाल्यावर हात पुसत म्हणाल्या, तिकडं सुई चांगली मिळत असंल तर आण बाई, मी रात्रीची गोधड्या शिवते, चार पदर झाले की इथली सुई वाकती. इतकी वर्षं त्या घरी येतायत आणि त्या गोधड्या शिवतात हे मला माहीत नव्हतं. तर अशी सुई तिथे कुठे मिळेल का?

निशिकासाईकर

मिळेल ताई आणि अगदी योग्य ठिकाणी चाललायत. जपानात साशिको म्हणून शिवणकाम आहे, जुन्या कापडाचे पदर एकावर एक ठेवून जाड दोऱ्याने धावदोरा घालायचा, थंडीच्या गावांत शेतकरी बायका करायच्या, म्हणजे आपली गोधडीच. त्याच्या सुया वेगळ्याच मिळतात, लांब, मजबूत आणि नाक मोठं, जाड दोरा सहज ओवला जातो. दुकानात साशिको-बारी म्हणा. क्योतोत सानजोच्या आर्केडमध्ये मिसुयाबारी म्हणून सुयांचं जुनं दुकान आहे, बाहेरून दिसत नाही, बोळातून आत गेलं की छोटी बाग आणि मागे दुकान. टूरमधला मोकळा वेळ तिथे लावा. साशिकोचा पांढरा दोरा पण दोनचार लड्या घ्या, निळ्या कापडावर फार उठून दिसतो. सुया चेक-इन बॅगेत.