फायटिंग गेम आर्केडने घडवला, कन्सोलने फक्त घरोघरी पोचवला. पटतंय का?

शेवटचा राउंड

हल्ली सारखं वाचायला मिळतं की आर्केड (कॉइन टाकून मशीनवर गेम खेळायची जागा) संपलं ते बरंच झालं, फायटिंग गेमचा खरा सुवर्णकाळ आत्ता चालू आहे, घरबसल्या जगभरच्या लोकांशी खेळता येतं मग अजून काय पाहिजे. मला हे अजिबात पटत नाही, आणि का पटत नाही ते जरा सविस्तर लिहितो.

या गेममध्ये जे जे चांगलं आहे ते आर्केडच्या गरजेतून आलंय. राउंडला 99 चा टायमर कशाला? तर एकाने मशीन अडवून बसू नये, मागे उभ्या असलेल्याचा नंबर लागावा. मॅच दोन-तीन मिनिटांत का संपते? त्याच कारणाने. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हरलास की ऊठ, जिंकणारा बसून राहणार, पुढचा माणूस कॉइन टाकणार. 1991 ला स्ट्रीट फायटर 2 आला तेव्हा लोक कॉम्प्युटरशी खेळायला रांग लावत नव्हते, शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला हरवायला लावत होते. त्यातला कॉम्बो (एकामागे एक जोडलेले मार) तर डेव्हलपरनी ठरवून टाकलेला नव्हताच, स्पेशल मूव्ह सोप्या निघाव्यात म्हणून इनपुटला थोडी ढील दिली आणि त्यातून एका मारातून थेट दुसऱ्यात जाता यायला लागलं. त्यांनी ते काढलं नाही, राहू दिलं, आणि त्याच्यावरच हा अख्खा प्रकार उभा राहिला कारण लोक रोज त्या मशीनवर एकमेकांचं बघून बघून ते घोटत होते.

कन्सोल, म्हणजे घरी टीव्हीला जोडायची गेमची यंत्रं, तेव्हा मागे धावत होते. सहा बटणं, तीन पंच तीन किक, ही आर्केडची मांडणी. सेगाच्या मेगा ड्राइव्ह कन्सोलच्या पॅडला तीनच बटणं, म्हणजे पंच आणि किक बदलायला स्टार्ट दाबत बसायचं, शेवटी 1993 ला सेगाला सहा बटणांचा पॅड काढावा लागला. एका गेमसाठी कंट्रोलर बदलावा लागतो यातच सगळं आलं.

तुमचं काय मत?

भटका

मत एकदम उलट आहे. तू ज्याला गरज म्हणतोस तो धंदा होता भाऊ. टायमर मागच्या माणसासाठी नव्हता, गल्ल्यासाठी होता. मॉर्टल कॉम्बॅट 2 एकट्याने खेळून बघ, तुझं बटण दाबून होतंय न होतंय तोवर कॉम्प्युटरने त्याची तोड काढलेली असते, कारण तो तुझा डाव वाचत नाही, थेट तुझं इनपुट वाचतो. तिथे शिकायला काही मिळत नाही, फक्त अजून एक कॉइन जातं.

आणि फक्त पोचवला म्हणजे काय? सुपर निन्टेन्डोवरचा स्ट्रीट फायटर 2 जवळजवळ 63 लाख विकला गेला, 1992 ला. एवढ्या लोकांनी शांतपणे घरात बसून हाडोकेन (ऊर्जेचा गोळा फेकायची मूव्ह) शिकला, लाज न वाटता हरले, परत सुरू केलं. हा गेम लोकांचा झाला तो तेव्हा.

सोल कॅलिबर घे. आर्केडला 1998 मध्ये आला, पुढच्या वर्षी सेगाच्या ड्रीमकास्ट कन्सोलवर आला तो आर्केडपेक्षा सरळ सरळ देखणा होता, वर मिशन मोड वेगळा. टेकन 3 घरी आला तर टेकन फोर्स, टेकन बॉल हे मोड, गॉन, डॉक्टर बॉस्कोनोविच ही कॅरेक्टर, हे सगळं आर्केडमध्ये होतं कुठे? आणि पहिला टेकन ज्या सिस्टिम 11 आर्केड बोर्डवर चालायचा तो प्लेस्टेशनच्याच हार्डवेअरवर बेतलेला होता. मग कोण कोणाच्या मागे धावत होतं ते सांग.

शेवटचा राउंड

सोल कॅलिबर मान्य, तो अपवादच आहे आणि जबरदस्त आहे. पण तू निवडून निवडून चांगले पोर्ट (आर्केडवरून कन्सोलवर आणलेले गेम) सांगतोयस. एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर प्लेस्टेशनवर आला तेव्हा काय झालं? त्या गेमचा जीवच मुळी टॅगमध्ये, मॅच चालू असताना जोडीदार आत आणायचा. प्लेस्टेशनच्या मेमरीत चार कॅरेक्टर एकदम मावत नव्हते म्हणून टॅग काढूनच टाकला. म्हणजे गेमचं नाव तेच, चित्रं तीच आणि खेळ गायब. सेगाच्या सॅटर्न कन्सोलवर नीट आला पण त्याला जास्तीच्या मेमरीची वेगळी कार्ट्रिज घालावी लागायची आणि तो जपानबाहेर निघालाच नाही. नव्वदच्या दशकात घरी खेळणाऱ्या बहुतेकांनी असेच कापलेले गेम खेळलेत आणि त्यांना ते माहीतही नव्हतं.

मॉर्टल कॉम्बॅटचंच बघा, 1993 ला सुपर निन्टेन्डोवर रक्ताच्या जागी घाम. सेगावर रक्त होतं पण कोड टाकल्यावर. आर्केडमध्ये हा प्रश्नच नव्हता.

रातराणी

रक्ताचा मुद्दा मला खरंच महत्त्वाचा वाटत नाही, पण बाकीच्यावर बोलते.

आर्केडच्या आठवणी काढणाऱ्यांना एक गोष्ट कधीच आठवत नाही, की तिथे सगळ्यांना उभंच राहू दिलं जायचं नाही. मी मशीनसमोर गेले की मागची मुलं आधी हसायची, मग एकजण येऊन सांगायचा की बाजूला हो, आम्हाला नीट मॅच खेळायची आहे. हरले तर बघा आम्ही सांगत होतो, जिंकले तर नुसती बटणं बडवली म्हणून जिंकली. मी हा गेम खऱ्या अर्थाने शिकले ते घरी, दार लावून, ट्रेनिंग मोडमध्ये. व्हर्च्युआ फायटर 4 चा प्लेस्टेशन 2 वरचा ट्रेनिंग मोड ज्यांनी बघितलाय त्यांना कळेल मी काय म्हणतेय, कुठला मार ब्लॉक झाल्यावर आपण किती उघडे पडतो, थ्रोमधून (समोरच्याच्या पकडीतून) सुटायचं कसं, हे सगळं गेम स्वतः बसून शिकवतो. आर्केडमध्ये हे ज्ञान चार पोरांकडे असायचं आणि ते आपापल्यात ठेवायचे.

म्हणून रांग, अनोळखी माणूस, पुढचा कॉइन, हे सगळं ज्यांना आत घेतलं गेलं त्यांच्यासाठी छान होतं.

आणि टेकनचा खेळाडू अर्सलान ॲश? टेकन 7 जपान-कोरियाच्या आर्केडमध्ये 2015 ला आला, घरी यायला 2017 उजाडलं. म्हणजे तिकडच्या लोकांना दोन वर्षं जास्त मिळाली. तरी 2019 मध्ये पाकिस्तानातून एक मुलगा येतो आणि एव्हो जपान आणि लास वेगासचा एव्हो (फायटिंग गेमच्या मोठ्या स्पर्धा) दोन्ही एकाच वर्षी मारतो, वेगासच्या फायनलला समोर कोरियाचा खेळाडू नी. आर्केडशिवाय खेळाडू घडत नाही असं कोणी म्हणालं की मी हेच नाव घेते.

शेवटचा राउंड

रातराणी, तुमच्याशी जे झालं ते वाईटच होतं आणि त्याची बाजू मी घेणार नाही. तसं वागणारे लोक प्रत्येक आर्केडमध्ये होते.

पण अर्सलानचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे हो. तो दार लावून ट्रेनिंग मोडमध्ये नाही घडला. लाहोरमध्ये समोरासमोर बसून, त्याच त्याच तगड्या लोकांशी खेळून घडला. एव्हो जपान जिंकल्यावर तो स्वतः सांगत होता की माझ्याकडे घरी अजून भारी खेळाडू आहेत, लोकांना खरं वाटेना, शेवटी नी स्वतः पाकिस्तानात जाऊन खेळून आला. हे आर्केडचंच वातावरण आहे, एका खोलीत सगळे, हरला की शेजारचा लगेच सांगणार का हरलास.

रातराणी

मग तुमचा मुद्दा मशीनचा राहिलाच नाही. एव्होतला टेकन 7 कन्सोलवर खेळला गेला. चार चांगले लोक एका खोलीत असले की झालं, त्याला कॉइनचं कॅबिनेट लागत नाही. तुम्ही माणसांचं श्रेय यंत्राला देताय.

सोळा मिलिसेकंद

इतका वेळ लॅगचं (बटण दाबल्यापासून पडद्यावर दिसेपर्यंतच्या उशिराचं) कोणी बोललंच नाही म्हणून लिहितो.

हे गेम सेकंदाला 60 फ्रेमनी चालतात, एक फ्रेम साधारण 16.7 मिलिसेकंद. जुन्या कॅबिनेटमध्ये काचेचा सीआरटी (जुन्या टीव्हीसारखा पडदा) आणि बोर्डला थेट जोडलेली स्टिक, त्यामुळे बटण आणि पडदा यात अंतर जवळपास जाणवायचंच नाही. 2016 ला स्ट्रीट फायटर 5 आर्केड सोडून थेट प्लेस्टेशन 4 आणि पीसीवर आला तर सुरुवातीला त्यात जवळजवळ आठ फ्रेमचा इनपुट लॅग होता. वर साधा आर्केड मोडसुद्धा नव्हता लाँचला! समोरचा उडी मारतोय हे बघून शोर्युकेन (वर उडी घेत मारायचा पंच) लावायचा, तर तो बघून लावताच येत नव्हता, आधीच अंदाज घेऊन बसावं लागायचं. खेळाचा स्वभावच बदलला. त्यामुळे शेवटचा राउंड यांच्या बाजूने इतकं नक्की म्हणतो की आर्केड बोर्ड हा मोजमापाचा दगड होता, तो गेल्यावर बरीच वर्षं कंपन्यांनी घरी काहीही खपवलं.

पण ऑनलाइनबद्दल मी त्यांच्या पूर्ण विरुद्ध आहे. 2006 मध्ये एक्सबॉक्स 360 वर जुना स्ट्रीट फायटर 2 हायपर फायटिंग आला, त्याचं ऑनलाइन इतकं खराब होतं की एव्होच्या संस्थापकांपैकी टोनी कॅननने वैतागून स्वतः जीजीपीओ हे रोलबॅक पद्धतीचं ऑनलाइन खेळायचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. तोवरची पद्धत अशी की समोरच्याचं इनपुट येईपर्यंत गेम तुम्हाला थांबवून ठेवणार, म्हणजे पाण्यात हात हलवल्यासारखं. रोलबॅकमध्ये गेम थांबत नाही, समोरचा आत्ता जे करतोय तेच करत राहील असं धरून पुढे जातो आणि अंदाज चुकला तर मागचे काही फ्रेम परत मोजून चित्र दुरुस्त करतो. तुमचं स्वतःचं इनपुट मात्र लगेच लागतं. ही कल्पना आर्केडमधून आलेलीच नाही, तिथे गरजच नव्हती. गिल्टी गिअर स्ट्राइव्ह किंवा स्ट्रीट फायटर 6 दुसऱ्या देशातल्या माणसाशी नीट खेळता येतो तो या एका कामामुळे. इतकी मोठी गोष्ट घरच्या खेळाडूंच्या वैतागातून आली, त्यामुळे 'फक्त पोचवला' हे शीर्षक मला अजिबात मान्य नाही.

भटका

सोळा, बरोब्बर! मी हेच म्हणत होतो पण इतकं नीट मांडता आलं नसतं.

आणि स्मॅश (निन्टेन्डोचा सुपर स्मॅश ब्रदर्स) कोणी विसरू नका. 1999 चा निन्टेन्डो 64 वरचा, मग 2001 ला पुढचा भाग मेली. आर्केडचं तोंडही न बघितलेली मालिका, आणि मेली लोक अजून स्पर्धेत खेळतात, ते पण जुन्या गेमक्यूबवर.

कोपऱ्यातला

स्मॅश फायटिंग गेमच नाही.

भटका

झालं सुरू. त्याला वेगळा धागा काढ बाबा.

शेवटचा राउंड

स्मॅशवर इथे नको खरंच.

सोळा मिलिसेकंद, रोलबॅकला मी कधीच नावं ठेवणार नाही, मी रोज त्याच्याच जिवावर खेळतो. माझं म्हणणं त्या खेळाडूंच्या घडणीबद्दल आहे. एव्हो 2004 ची डाइगो आणि जस्टिन वाँगची मॅच घ्या, स्ट्रीट फायटर 3 थर्ड स्ट्राइकची, सगळ्यांनी बघितलेलीच आहे. डाइगोच्या केनचं लाइफ इतकं कमी की नुसता ब्लॉक केला तरी चिप डॅमेजने मेला असता. जस्टिनची चुन-ली सुपर (सलग मारांची मोठी मूव्ह) सोडते. पॅरी करायचा, म्हणजे मार अंगावर न घेता परतवायचा, तर प्रत्येक मार लागायच्या क्षणी स्टिक पुढे ढकलायची, आणि त्या सुपरचा पहिला मार इतका लवकर येतो की सुपर दिसल्यावर ढकललं तर उशीर झालेला असतो. म्हणजे डाइगोने ती सुपर सुटायच्या आधीच पुढे दाबलं होतं. पंधराच्या पंधरा मार पॅरी, शेवटचा तर हवेत, आणि खाली येत येत पूर्ण कॉम्बो. नुसता वेग पुरत नाही याला. समोरचा माणूस आत्ता घाबरून हेच करणार हे ओळखायला लागतं, आणि ती नजर जपानच्या गेम सेंटरमध्ये वर्षानुवर्षं अनोळखी लोकांसमोर बसून आली.

सोळा मिलिसेकंद

नजर कुठून आली त्यावर वाद नाही. पण त्याच वर्षी एव्होने आर्केड कॅबिनेट काढून सगळ्या स्पर्धा कन्सोलवर नेल्या होत्या, आणि तेव्हा त्याच्यावर भरपूर आरडाओरडाही झाला होता. म्हणजे तुम्ही दिलेली मॅच कन्सोलवरची आहे.

शेवटचा राउंड

माहीत आहे, म्हणूनच घडणीबद्दल म्हणालो. खेळाडू आर्केडमध्ये तयार झाले आणि कन्सोलवर येऊन खेळले. आता कन्सोलवर तयार होणाऱ्यांचं काय होतंय ते बघा. ऑनलाइन एक मॅच जिंकला की समोरचा निघून जातो, रीमॅच देत नाही, कारण पॉइंट जातील. आर्केडमध्ये जिंकणाऱ्याला उठताच यायचं नाही, तो बसलेला असायचा आणि मी परत कॉइन टाकून परत त्याच्याशीच खेळू शकायचो, तो मला ओळखायला लागायचा, मी त्याला. स्ट्रीट फायटर काढणाऱ्या कॅपकॉमलाही हे कळलंय, नाहीतर स्ट्रीट फायटर 6 च्या बॅटल हब या ऑनलाइन हॉलमध्ये रांगेने खोटी कॅबिनेट मांडून ठेवायची काय गरज होती?

रातराणी

बॅटल हबमध्ये मी रोज बसते. आणि तिथे मला मशीनवरून कोणी उठवू शकत नाही, हा फरक माझ्यासाठी खूप मोठा आहे. रीमॅचचं मात्र तुमचं पटतं, म्हणूनच मी रँक्डपेक्षा तिथे जास्त खेळते, एकाच माणसाशी वीस-वीस मॅच होतात कधीकधी. तुम्ही कोण खेळता? मी मॅनन, थ्रोवाली.

शेवटचा राउंड

केन. आज रात्री दहानंतर येतो हबमध्ये. रीमॅच हव्या तेवढ्या.