‘त्रुटी’, ‘चूक’ की ‘बिघाड’? लॅपटॉपच्या एसीपीआय तक्त्यांविषयी शब्दचर्चा

प्रश्न (नौपाडा, ठाणे)

आम्ही काही शेजारी जुन्या लॅपटॉपांवर लिनक्स ही कार्यप्रणाली बसवून देतो आणि त्यासाठी मराठीत एक टिपण लिहीत आहोत. बॅटरी किती उरली, पंखा केव्हा फिरावा, झाकण मिटल्यावर यंत्राने काय करावे, ही माहिती फर्मवेअर (यंत्राच्या चिपमध्येच असलेली आज्ञावली) ज्या एसीपीआय तक्त्यांतून कार्यप्रणालीला देते, त्यांत ‘एरर’ असल्याचे संदेश यंत्र सुरू होताना कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदींत दिसतात. या एररला टिपणात एकाने ‘त्रुटी’ म्हटले आहे, दुसऱ्याने ‘बिघाड’ आणि मी स्वतः ‘चूक’. यांपैकी योग्य शब्द कोणता, याविषयी जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर (ऐरोली)

‘बिघाड’ मी सर्वप्रथम बाद करीन. जी वस्तू आधी नीट चालत होती आणि मग चालेनाशी झाली, तिच्यात बिघाड होतो. रोहित्रात बिघाड होतो, लोकलच्या सिग्नल यंत्रणेत बिघाड होतो. हे तक्ते मात्र कारखान्यातून निघतानाच तसे असतात, आणि अशा कित्येक संदेशांनी लॅपटॉपच्या कामात काडीचाही फरक पडत नाही. ‘बिघाड’ वाचून एखादे आजोबा विनाकारण लॅपटॉप दुकानात घेऊन जातील.

‘त्रुटी’ आणि ‘चूक’ यांतला भेद मला अधिक महत्त्वाचा वाटतो. सरकारी पत्रात ‘अर्जातील त्रुटींची पूर्तता करावी’ असे असते, म्हणजे काहीतरी जोडायचे राहिले आहे. त्रुटीचा मूळ भाव उणिवेचा आहे आणि उणीव भरून काढायची असते. एसीपीआयच्या संदेशांमध्ये ‘नॉट फाउंड’ असा एक प्रकार आहे: तक्त्यातील एखादी आज्ञा अशा उपकरणाचे नाव घेते, ज्याची व्याख्या कुठल्याच तक्त्यात केलेली नसते. बहुधा एका मॉडेलचा मजकूर दुसऱ्या मॉडेलसाठी उचलताना हे घडते. ही खरी त्रुटी होय. ‘ऑलरेडी एक्झिस्ट्स’ या दुसऱ्या प्रकारात मात्र एकच नाव दोनदा घोषित झालेले असते. तिथे काहीच उणे नाही, उलट अधिक आहे, म्हणून त्याला त्रुटी म्हणणे मला खटकते. ती द्विरुक्तीची चूक आहे.

उत्तर (वाशी)

भेद पटला, पण माझी हरकत ‘तक्ता’ या शब्दालाच आहे. तक्ता म्हटले की ओळी आणि रकाने डोळ्यांसमोर येतात. डीएसडीटी हा यांतला मुख्य तक्ता तसा नाही. त्यात एएमएल नावाच्या संकेतभाषेत लिहिलेल्या कार्यपद्धती असतात आणि कर्नल त्या प्रत्यक्ष चालवते. झोपेतून जागे होताना काय करायचे, हे सांगणारी पद्धतही त्यातच असते. कार्यपद्धतीने उत्तर द्यायला हवे आणि एखाद्या वाटेने जाताना ती उत्तरच देत नाही, अशी चूक रकान्यांच्या तक्त्यात संभवतच नाही. असे तक्ते संकलित करणारा इंटेलचा आयएएसएल कंपायलर हे काटेकोरपणे पकडतो. तथापि १९९६ साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी हे मानक आणले तेव्हापासून ‘टेबल’ शब्द रूढ आहे, म्हणून ‘तक्ता’ ठेवावा, पण पहिल्याच परिच्छेदात हा खुलासा करावा.

प्रश्नकर्ता (नौपाडा)

दोघांचेही आभार. आता पुढची अडचण सांगतो. तक्ता काढून घ्यायचा, आयएएसएलने वाचण्याजोग्या रूपात आणायचा, चूक सुधारून पुन्हा संकलित करायचा आणि इनिटआरडीच्या (यंत्र सुरू होताना कर्नलबरोबर स्मृतीत येणाऱ्या फाइलीच्या) आरंभी संकोचन न केलेल्या संग्रहात ठेवायचा, इतके लिहून झाले आहे. मूळ तक्त्याऐवजी हा वापरण्याच्या या ‘ओव्हरराइड’ला मी ‘दुरुस्ती’ म्हटले, तर आमच्यातील एकाने ‘शुद्धिपत्र’ सुचवले.

उत्तर (ऐरोली)

‘दुरुस्ती’ने वाचकाची फसगत होईल, कारण फर्मवेअरच्या चिपमधला मूळ तक्ता जसाच्या तसा राहतो. शुद्धिपत्रात ही बाब येते, परंतु शुद्धिपत्रात केवळ बदललेले शब्द असतात, आणि इथे तर अख्खा तक्ताच दुसरा येतो. मला गिरण्यांमधला ‘बदली कामगार’ आठवतो. कायम कामगाराचे नाव हजेरीपटावर तसेच राही आणि बदलीवाल्याला रोज सकाळी दारात हजर व्हावे लागे. हा तक्ताही प्रत्येक वेळी यंत्र सुरू होताना नव्याने हजर होतो, म्हणून ‘बदली तक्ता’ म्हणावे. त्याला आत घेण्याची अटही टिपणात असू द्या: शीर्षभागातील ओईएम (निर्मात्याचा) आवृत्ती क्रमांक मूळ तक्त्याहून मोठा हवा, अन्यथा कर्नल त्याच्याकडे दुर्लक्ष करते. सिक्युअर बूटमुळे (फक्त स्वाक्षरी केलेलीच प्रणाली सुरू होऊ देणाऱ्या व्यवस्थेमुळे) कर्नल कुलूपबंद असेल, तर बदलीवाल्याला दारातूनच परत पाठवले जाते.

मूळ तक्त्याला हात न लावता काही जोडायचे असेल, तर वेगळा एसएसडीटी, म्हणजे डीएसडीटीला जोड देणारा दुय्यम तक्ता, देता येतो. त्याला परीक्षेतल्यासारखी ‘पुरवणी’ म्हणावे. पुरवणीने काही वेळा त्रुटी भरता येते. द्विरुक्ती पुरवणीने जात नाही, तिथे बदलीच लागते.

उत्तर (वाशी)

‘बदली’ उत्तम आहे, फक्त एक सूचना त्याला जोडावी. एकाच मॉडेलच्या दुसऱ्या लॅपटॉपचा तक्ता उसना आणू नये, कारण त्यात स्मृतीचे पत्ते असू शकतात आणि ते रॅमच्या प्रमाणानुसार किंवा बायोसच्या (म्हणजे फर्मवेअरच्या) आवृत्तीनुसार बदलू शकतात. याच कारणाने आधी बायोसची नवी आवृत्ती आली आहे का ते पाहावे, आणि पुढे कधी बायोस अद्ययावत केले तर जुना बदली तक्ता काढून टाकावा. नाहीतर निर्मात्याने मूळ चूक सुधारलेली असूनही आपलाच जुना तक्ता तिला झाकून ठेवील.

प्रश्नकर्ता (नौपाडा)

टिपणात आता ‘त्रुटी’, ‘द्विरुक्ती’, ‘बदली तक्ता’ आणि ‘पुरवणी’ असे चार शब्द घेतले आहेत आणि ‘बिघाड’ सर्वत्र खोडला आहे. ‘सस्पेंड’साठी आमच्यापैकी एकाने ‘निलंबन’ लिहिले होते. ते वाचून मंत्रालयातून निवृत्त झालेले एक सदस्य चांगलेच दचकले, म्हणून तिथे साधा ‘झोप’ हा शब्द ठेवला आहे.