बाजारातल्या स्वस्त टॉर्चचा उजेड वाढवायचा तर बल्ब बदलू की सेल?

ऊसमळा_वाळवा
मोटारीला रात्रीची लाईट आली की उसाला पाणी रात्रीच द्यावं लागतं. बांधावरून शंभरेक मीटरवरचं दारं नीट दिसावं, एवढंच पाहिजे. घरात दोन टॉर्च आहेत. एक आठवडी बाजारातली प्लास्टिकची, चार्जिंगची. आत ४ व्होल्टची काळी बॅटरी आणि एकच एलईडी. दुसरी पत्र्याची जुनी, दोन मोठ्या सेलची, पिवळ्या बल्बची. लॅपटॉपच्या बॅटरीतले १८६५० सेल (गोल, लिथियमचे) मिळू शकतात. खर्च कशावर करू? नुसता जास्त वॅटचा एलईडी लावून भागेल का?

सोल्डरगन
नुसता एलईडी बदलून भागणार नाही. ती ४ व्होल्टची लेड अॅसिड बॅटरी जुनी झाली की लोड येताच बसते. महिनाभर उतरलेली पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं, मग कितीही चार्ज करा. मोठा एलईडी लावला तर दहा मिनिटं झगझगाट, पुढं काजवा.

लांबचं दिसण्यासाठी प्लास्टिकचीच टॉर्च घ्या, तिचा रिफ्लेक्टर मोठा असतो. दुप्पट लांब तेवढाच उजेड पडायचा तर झोताची तीव्रता चौपट लागते. ती एकट्या वॅटवर अवलंबून नाही. रिफ्लेक्टर मोठा आणि एलईडीची पिवळी चकती छोटी, असं जमलं की झोत बारीक होऊन लांब जातो. मोठ्या चकतीचा एलईडी पायापुढं लख्ख पाडतो, पण दाऱ्यापर्यंत पोचत नाही. क्री कंपनीच्या एक्सपी-जी२ च्या जातीचा, गोल अॅल्युमिनियम पट्टीवर बसवलेला एलईडी मागवा.

बाकी सामान: संरक्षण असलेला टीपी४०५६ चार्जिंग बोर्ड (मोबाईल रिपेअरवाल्याकडे मिळतो), तीन ७१३५ चिपांचा ड्रायव्हर (एलईडीला ठरावीकच करंट देणारा छोटा बोर्ड), १८६५० चा एक चांगला सेल आणि होल्डर, हीट सिंक पेस्ट, २ मिलिमीटर जाडीचा अॅल्युमिनियमचा तुकडा.

एक ७१३५ चिप ३५० मिलिअँपिअर देते. तीन चिपांचे १०५० होतात, पण प्लास्टिकच्या डोक्यातून उष्णता बाहेर जात नाही. म्हणून एक चिप काढून ७०० वरच ठेवा. २६०० मिलिअँपिअर-तासाचा सेल साडेतीन तासांच्या आसपास चालेल, आणि उजेड बराच वेळ एकसारखा राहील. डोळ्याला ७०० आणि १०५० मधला फरक फार जाणवत नाही. तिसऱ्या चिपेच्या मोहात लोक एलईडी जाळतात.

अॅल्युमिनियमचा तुकडा रिफ्लेक्टरच्या मागं मावेल तेवढा मोठा कापा. त्यावर पेस्टचा पातळ थर देऊन एलईडीची पट्टी दोन स्क्रूंनी आवळा. स्क्रूचं डोकं सोल्डरच्या टिकल्यांना टेकता कामा नये. मग भिंतीवर झोत पाडून एलईडी मागंपुढं करा. मधे काळं वर्तुळ दिसलं तर तो केंद्रावर नाही. एक मिलिमीटर हलला तरी झोत बिघडतो, त्यामुळं पक्कं करायची घाई नको.

सेलची जोडणी बोर्डाच्या बी प्लस आणि बी मायनसला. ड्रायव्हर मात्र आउटच्या टोकांना. ड्रायव्हर थेट सेलला जोडला तर बोर्डाचं संरक्षण वाया जातं आणि सेल पार तळाला जातो. होल्डर असेल तर सेलवर सोल्डर करायची वेळच येत नाही, तेच बरं.

ऊसमळा_वाळवा
टॉर्चमध्ये आधीच २३० व्होल्टचा प्लग आहे. १८६५० त्याच्यावरच चार्ज केला तर टीपी४०५६ कशाला?

वायंडिंग_कराड
अजिबात करू नका दादा! त्या प्लगमागं ट्रान्सफॉर्मर नसतो. बहुतेक टॉर्चमध्ये १ मायक्रोफॅरडचा, म्हणजे १०५जे छापलेला एक कपॅसिटर आणि चार डायोड, बास. ५० हर्ट्झला तो साधारण ७० मिलिअँपिअर सोडतो आणि सोडतच राहतो. ४.२ व्होल्टला, म्हणजे लिथियम सेल भरला की, थांबायचं त्याला माहीतच नाही. लेड अॅसिड हे थोडं सोसून नुसती सुकते. लिथियम सेल फुगतो, पेट घेतो. शिवाय प्लग लावलेला असताना आतली प्रत्येक तार मेनलाईनच्या संपर्कात असते, एलईडीची पट्टीसुद्धा. प्लगच्या पिना आणि तो बोर्ड काढूनच टाका. कपॅसिटरची टोकं आधी एका रेझिस्टरनं डिस्चार्ज करा. जुनी बॅटरी फोडू नका, भंगारवाल्याला द्या.

पाटण_खोरे
पत्र्याच्या टॉर्चबद्दल. दोन सेलचा बल्ब २.४ व्होल्ट, ०.५ अँपिअरचा असतो. त्यावर भरलेला लिथियम सेल लावला की बल्ब तिथंच गेला. तीन सेलचा ३.६ व्होल्टचा बल्ब ४.२ वर चालतो, उजेड दीड-पावणेदोन पट. पण आयुष्य सहाव्या हिश्श्यावर येतं.

त्याच बैठकीचे एलईडी बल्बही मिळतात. साध्या दोन सेलवर लावायचा तर आत व्होल्टेज वाढवणारं सर्किट असलेलाच घ्या. लोडवर दोन सेल मिळून २.६ व्होल्टच्या आसपास उरतात आणि पांढऱ्या एलईडीला तीनेक लागतात. बल्बचं टोक प्लस धरलेलं असतं, सेल उलटे घातले की पेटत नाही. आणि आधी स्विचचे पत्रे, मागची स्प्रिंग बारीक पॉलिश पेपरनं घासा. टॉर्च चालू ठेवून मल्टिमीटरनं स्विचच्या दोन टोकांतलं व्होल्टेज बघा. ०.२ च्या वर दिसलं तर उजेड तिथंच मुरतोय. स्प्रिंगच्या आतून तांब्याची लवचिक तार सोल्डर केली की फरक लगेच कळतो.

रानात फिरताना जवळचं पसरट दिसायला ही टॉर्च बरी. बिबट्याच्या पट्ट्यात मी दोन्ही बरोबर ठेवायला सांगेन.

सोल्डरगन
सेलबद्दल राहिलं. ९९०० मिलिअँपिअर-तास छापलेला १८६५० दिसला की दुकानातून बाहेर पडा. या मापात चांगल्यातले चांगले सेल ३५०० च्या आसपास थांबतात. वजन करा, अस्सल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. लॅपटॉपच्या पॅकमधला सेल २.५ व्होल्टच्या खाली सापडला तर जिवंत करत बसू नका. वरचं प्लास्टिक फाटलेला सेल पत्र्याच्या टॉर्चमध्ये घालू नका, कारण सेलचं सगळं अंग मायनस असतं, पार प्लसच्या टोपीच्या कडेपर्यंत.

जोडून झालं की पंधरा मिनिटं सलग चालू ठेवा आणि अॅल्युमिनियमच्या तुकड्याला बोट लावा. बोट टेकून धरवत नसेल तर अजून एक चिप काढा.