जांभ्याचा लाल, पावसाचा पांढरा
बेळगाव जिल्ह्यातील खानापूर-जांबोटी परिसरावरील माझ्या जलरंगचित्रांत जांभ्याच्या (लालसर, सच्छिद्र दगडाच्या) भिंती दाणेदार कशा दिसतात आणि पाऊस मी पांढऱ्या रंगाने काढतो का, असे एकाने विचारले आहे. पांढरा रंग मी वापरतच नाही; पावसाची जागा म्हणजे कोरा ठेवलेला कागद. भिंतीसाठी बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग घेतो, कारण त्याचा तांबूसपणा लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो आणि जांभ्याचाही त्यामुळेच. त्यात अल्ट्रामरीन निळा मिसळला की भिजलेल्या भिंतीचा करडा मिळतो. शिवाय या निळ्याचे कण खरबरीत कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात, त्यामुळे चिऱ्याची (जांभ्याच्या घडीव दगडाची) भोके न काढताच दिसू लागतात. खरी अवघड गोष्ट म्हणजे रंगाचा दुसरा हात केव्हा द्यायचा ही. कागदावर पाण्याची चकाकी असेपर्यंत त्यात आणखी रंग सोडता येतो. ती गेल्यावर कागद पूर्ण वाळेपर्यंत थांबावे लागते, नाहीतर फुलकोबीसारखे डाग उमटतात. जुलैत आमच्याकडे कागद वाळता वाळत नाही (बेळगावकरांना हे सांगायला नको), म्हणून मी दोन-तीन चित्रे आलटूनपालटून रंगवतो. चिऱ्यांमधल्या सांध्यांच्या रेषा मात्र शेवटी, कोरड्या कुंचल्याने, मोजक्याच काढतो.