ग्राउंडहॉग डे: सण राहू दे, पण त्या जिवाला उचलायलाच हवं का?

पिट्सबर्गकर
काल २ फेब्रुवारी, पहिल्यांदाच ग्राउंडहॉग डेला अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियातल्या पंक्सटॉनी गावी जाऊन आलो. इथून दीडेक तास, पण गेट पहाटे तीनला उघडतं म्हणून मध्यरात्रीच निघालो, लेक ब्लँकेटात गुंडाळलेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फिल नावाचा ग्राउंडहॉग आहे, खारीच्या कुळातला पण मांजराएवढा जाडजूड, त्याला सूर्योदयाला लाकडी बुंध्यातून बाहेर काढतात, सावली दिसली तर अजून सहा आठवडे थंडी, नाही दिसली तर वसंत लवकर. १८८७ पासून त्याच टेकडीवर चालू आहे. बँड, फटाके, काळ्या उंच टोप्या, सगळं झकास. पण त्याला दोन्ही हातांनी वर धरून गर्दीला दाखवतात ना, तेव्हा तो पाय झाडत होता, आणि मला तिथं पुढे बघवेना. माझं मत, लाकडी बाहुलं उचला.

उत्तरा_एनजे
नाही पटलं. जर्मन शेतकऱ्यांनी ही रीत आणली, तिकडे बॅजर (बिळात राहणारा एक प्राणी) बघायचे, इथे ग्राउंडहॉग मिळाला. सहा हजारांच्या आतलं गाव, एका पहाटेला हजारो माणसं थंडीत एकत्र हसतात, हे बाहुल्यासाठी कोण येणार हो? आणि फिलला कोणी झोपेतून ओढत नाही, तो वर्षभर उबदार जागेत राहतो, डॉक्टर बघतात, २०२४ मध्ये त्याला नि त्याच्या जोडीदारणीला, फिलिसला, दोन पिल्लंही झाली.

पिट्सबर्गकर
उत्तराताई, तेच तर म्हणतोय. रानातला ग्राउंडहॉग या दिवसांत बिळात गाढ झोपलेला असतो, हृदयाचे ठोके मिनिटाला पाचेकवर येतात. याला ती झोपच नाही. आणि न्यूयॉर्कमध्ये स्टेटन आयलंडला अशाच सोहळ्यात २०१४ साली महापौरांच्या हातून ग्राउंडहॉग पडला, आठवड्याने मेला. पुढच्या वर्षी महापौरांच्या हातात दिला नाही. सण बंद पडला का? नाही ना.

माणदेशी
आमच्याकडं बघा. पंचांगात प्रत्येक पावसाच्या नक्षत्राला वाहन असतंय, बेडूक, म्हैस, हत्ती असलं की पाऊस जोरात, कोल्हा, मेंढा असलं की ओढ. आजोबा मृगाचं वाहन काय ते विचारूनच बाजाराला जायचे. पण एकाही बेडकाला कुणी हात लावत नाही, सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचं, नऊनं भागायचं, बाकी उरंल ते वाहन. दोन उरलं तर कोल्हा, तीन उरलं तर बेडूक. त्यामुळं पिट्सबर्गकरांशी सहमत, जनावर न धरताही जनावराचा सण होतो.

साळुंकी
माणदेशी दादा, तुलना अर्धीच झाली. पंक्सटॉनीत फिलचं ऐकून कोणी पेरत नाही, त्याचा अंदाज चाळीस टक्क्यांच्या आसपासच बरोबर येतो असं अमेरिकेच्या सरकारी हवामानवाल्यांनीच मोजलंय, आणि तसंही २ फेब्रुवारीपासून वसंतसंपात, म्हणजे दिवस-रात्र सारखे होऊन वसंत सुरू होतो तो दिवस, साडेसहा आठवड्यांवरच असतो. लोकांना ते ठाऊक आहे. आपल्याकडे मात्र वाहन हत्ती म्हणून धूळपेरणी (पावसाआधीच कोरड्या मातीत पेरणी) करणारे मी माझ्या घरात बघितलेत, आणि पाऊस तीन आठवडे गायब, दुबार पेरणीचं बियाणं उसनं आणलं. बेडकाला इजा झाली नाही, माणसाला झाली.

माणदेशी
खरं आहे ताई. हवामान खात्याचा अंदाज बघूनच पेरावं, त्यात वाद नाही. वाहन गप्पांत ठेवायचं.

उत्तरा_एनजे
वर धरणं थांबवावं इथपर्यंत मीही येते. बुंध्यावर ठेवा, लांबून कॅमेरा, मोठा स्क्रीन लावा. पण फिल हवाच. माझ्या मुलाने पहिलीत असताना त्याचं चित्र काढलं, सावली कशी पडते हे त्याला तेव्हा कळलं, टॉर्च घेऊन घरभर फिरत होता.

पिट्सबर्गकर
चालेल. बुंध्यावर ठेवला तर पुढच्या वर्षी परत येतो, लेकीने आत्ताच विचारलंय.