अनुभव धागा : सर्कलवर दोन गाड्या धडकल्या, चूक कुणाची?

सर्कलवरच्या धडकेनंतर दोन्ही चालक बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतात, "मी आधीच आत होतो." दोघांनाही ते मनापासून खरं वाटत असतं. म्हणूनच हा धागा. इथे आपापल्या अपघाताच्या कहाण्या नकोत. ज्यांचं रोजचं काम गाड्या तपासण्याचं, चालवायला शिकवण्याचं किंवा दावे लढवण्याचं आहे, त्यांनी काय बघायचं, कसं मोजायचं आणि कुठे फसायला होतं ते लिहावं.

दिशांचा घोळ होऊ नये म्हणून सगळ्यांनी डावीकडून चालणारी वाहतूक धरू या. गाड्या सर्कलच्या मधल्या बेटाला घड्याळाच्या काट्यांप्रमाणे वळसा घालतात आणि आत शिरणाऱ्याच्या उजव्या हाताने येतात. वाहतूक उजवीकडून असेल तिथे वाचताना डावं-उजवं उलटं करावं.

सुरुवात मीच करतो. आत फिरणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियम आज जवळपास सगळीकडे आहे, पण तो सर्कलच्या जन्मापासूनचा नाही. ब्रिटनमध्ये तो १९६६ साली आला. फ्रान्समध्ये १९८४ पर्यंत उलटी रीत होती, शिरणाऱ्याचा हक्क आधी. पॅरिसच्या विजय कमानीभोवती ती अजूनही चालते. त्यामुळे वादाला बसण्याआधी सर्कलमध्ये शिरणाऱ्या त्या विशिष्ट रस्त्याच्या तोंडाशी थांबण्याची तुटक रेषा आणि उलट्या त्रिकोणाची पाटी आहे का, ते बघा. पाटी झाडाआड असेल, रेषा पुसलेली असेल, तर तेही चालकाच्या डोळ्यांच्या उंचीवरून फोटोत घ्या.

विम्यासाठी गाड्यांची तपासणी करणारा

"ज्याची गाडी जास्त चेपली, त्याची बाजू खरी" ही समजूत पहिल्यांदा डोक्यातून काढा. चेपण्यावरून जोर कळतो, दोष नाही.

शिरणाऱ्या गाडीचं नाक फिरणाऱ्या गाडीच्या डाव्या दारात घुसलेलं असेल तर फारसं बोलायला उरत नाही. वाद होतो तो उलट चित्रात. फिरणाऱ्या गाडीचं नाक आणि शिरणाऱ्या गाडीची उजवी बाजू. तेव्हा मार उजव्या बाजूला नेमका कुठे आहे ते बघतो. पुढच्या चाकापाशी असेल तर गाडी नुकतीच तोंड काढत होती. मागच्या चाकाच्या मागे असेल तर ती जवळपास प्रवाहात सामील झाली होती, आणि मागून येणाऱ्याने ब्रेक का मारला नाही हा प्रश्न उभा राहतो.

घासून गेलेल्या गाड्यांत ओरखड्याची दिशा बोलते. ओरखडा दारावर मागून पुढे गेला असेल तर समोरची गाडी तुमच्यापेक्षा वेगात होती. पुढून मागे गेला असेल तर तुमची गाडी वेगात होती. दिशा कशी ओळखायची? बोटाचं टोक हलकेच फिरवा. रंगाचा पापुद्रा ज्या टोकाला गोळा होऊन उचलला गेलाय, ते ओरखड्याचं शेवटचं टोक. आरसाही हेच सांगतो. घासणाऱ्या गाडीने तो पुढे दुमडला असेल तर ती मागून वेगात आली. दारावर टायरचे काळे, कमानीसारखे वळसे असतील तर त्या क्षणी समोरच्याचं पुढचं चाक तुमच्याकडे वळलेलं होतं. लेन कुणी सोडली हे त्यातून कळतं.

गॅरेजला गाडी धुऊन देऊ नका. पाण्याच्या फवाऱ्याने यातला बराच पुरावा पाच मिनिटांत जातो.

अपघाताचं वेळ-अंतराचं गणित मांडणारी

"आधी आत कोण" याचं उत्तर मोजून काढता येतं. थांबण्याच्या रेषेपासून धडकेच्या जागेपर्यंत शिरणाऱ्या गाडीचं नाक किती मीटर पुढे गेलं, तेवढं मोजा. धडकेची जागा म्हणजे गाड्या शेवटी थांबल्या ती नव्हे. काचेचा आणि बंपरखालच्या वाळलेल्या चिखलाचा पहिला सडा जिथून सुरू होतो ती. काच पुढे उडते, चिखल जवळच गळतो, म्हणून दोन्ही असतील तर भरवसा चिखलावर.

फिरणारी गाडी ताशी ३० किमीने येतेय असं धरू, म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर. चालकाला सावध व्हायला दीड सेकंद दिला तर त्यात साडेबारा मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर ब्रेकला आणखी पाचेक. म्हणजे थांबायला साधारण साडेसतरा मीटर हवेत.

आता शिरणारी गाडी रेषेवर पूर्ण थांबून सावकाश निघाली आणि ३ मीटरवर धडक झाली. एवढं जायला तिला सुमारे २ सेकंद लागतात. ती हलली तेव्हा फिरणारी गाडी १६-१७ मीटरवर होती, तिला थांबणं शक्यच नव्हतं. धडक ७ मीटरवर झाली असेल तर ३ सेकंद गेले, दुसरी गाडी २५ मीटर दूर होती. लक्ष असतं तर थांबली असती, म्हणून काही वाटा तिच्याकडे जातो.

पण शिरणारी न थांबता ताशी २० किमीने तशीच घुसली असेल, तर तेच ७ मीटर सव्वा सेकंदात संपतात. म्हणजे फिरणारी गाडी जेमतेम दहा मीटरवर होती. अंतर तेच, निकाल पार उलटा. त्यामुळे जबाबात "रेषेवर थांबलात का" याचं उत्तर सगळ्यात वजनदार ठरतं. ते उगाच गुळमुळीत लिहू नका.

लहान सर्कलवर एक वेगळा सापळा असतो. शेजारच्या रस्त्याचं तोंड १५ मीटरवर, आणि तिथून ताशी ४० ने कुणी घुसला तर सव्वा-दीड सेकंदात तुमच्यासमोर. तुम्ही फक्त वर्तुळाकडे बघता, ते रिकामंच असतं. त्या रस्त्याकडेही बघायला हवं होतं म्हणून दोष तुमच्यावर येतो, आणि वेग न उतरवता शिरल्याबद्दल त्याच्यावरही.

गाडी चालवायला शिकवणारी

वरचं सगळं एका लेनच्या सर्कलला चपखल बसतं. दोन लेन आल्या की खरी भांडणं सुरू होतात. शिकायला येणाऱ्यांना हाच भाग सगळ्यात कमी समजावला जातो, याचं फार वाईट वाटतं.

नेहमीचा प्रसंग असा. आतल्या, म्हणजे बेटाजवळच्या लेनमधली गाडी डावीकडे बाहेर पडते. बाहेरच्या लेनमधली गाडी न पडता पुढे वळसा घेते. पहिलीची डावी बाजू, दुसरीचा उजवा पुढचा कोपरा. रस्त्यावर बाण नसतील तर आतून बाहेरची लेन ओलांडणाऱ्यावर जास्त दोष, कारण लेन त्याने बदलली. पण तोंडाशी डाव्या लेनला "डावीकडे आणि सरळ" आणि उजव्या लेनला "सरळ आणि उजवीकडे" असे बाण असतील, आणि बाहेर पडायलाही दोन लेन असतील, तर सरळ जाणाऱ्या आतल्या गाडीचा मार्ग वैध होता. बाहेरच्या लेनमधून वळसा चालू ठेवणाऱ्याने बाण मोडला. दोन्ही वेळी पत्रा अगदी सारखाच चेपतो! निवाडा बाणांवर होतो. म्हणून शिरण्याआधीचे बाण, वर्तुळातल्या लेनच्या रेषा आणि बाहेर पडण्याच्या लेन, या तिन्हींचे फोटो हवेत. नुसते गाड्यांचे नकोत.

इंडिकेटरबद्दल. समोरच्याने डावा इंडिकेटर दिला म्हणून तुम्ही शिरलात आणि तो बाहेर न पडता पुढे आला, तर चूक फक्त त्याची असं होत नाही. इंडिकेटर म्हणजे इरादा. वेग उतरला आणि नाक वळलं, हे दोन्ही दिसल्याशिवाय शिरायचं नाही. मात्र त्याचा इंडिकेटर चालू होता हे व्हिडिओत दिसलं तर तुमचा वाटा कमी होतो.

जोड ट्रेलरच्या चालकांना शिकवणारा

ट्रेलरची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेवरून जात नाहीत, ती वळणाच्या आतल्या बाजूला सरकतात. वळसा घालताना बेटाकडे, बाहेर पडताना डाव्या कडेकडे. त्यामुळे लांब गाडी दोन लेन अडवून चालते, आणि पुष्कळ ठिकाणी ते योग्यच धरलं जातं. बेटाच्या कडेचा किंचित उंच फरसबंद पट्टा तिच्या मागच्या चाकांसाठीच असतो. कार शेजारी घुसली आणि ट्रेलरच्या मधल्या भागाने तिचं छप्पर किंवा दार चेपलं, तर पहिला प्रश्न हा की ट्रेलर वळायला लागल्यावर कार शेजारी आली, की आधीपासून तिथेच होती. आधीपासून असेल तर आरसा न बघितल्याचा दोष ट्रेलरवाल्याचाच.

तपासणी करणारा (पुन्हा)

एक राहिलं. रेषेवर मागून बसलेली धडक. पुढचा निघाला, बिचकून थांबला, मागचा उजवीकडे बघत होता. दोष मागच्याचा, अपवाद थोडे. पुढचा मागे सरकला असा दावा असेल तर बंपरच्या खुणांची उंची मोजा. जोरात ब्रेक मारणाऱ्या गाडीचं नाक काही सेंटीमीटर खाली बसतं, म्हणून तिची खूण नेहमीच्या उंचीपेक्षा खाली उमटते. उभ्या गाडीवर कुणी मागे सरकून आदळलं तर हा फरक दिसत नाही.

व्हिडिओ तपासणारा

डॅशकॅमचं, म्हणजे गाडीत समोर लावलेल्या कॅमेऱ्याचं, कार्ड लगेच काढून ठेवा. बहुतेक कॅमेरे जुन्यावर नवं लिहीत जातात. दुकानांच्या, चौकातल्या कॅमेऱ्यांचंही तेच, म्हणून त्याच दिवशी लेखी मागणी द्या.

पडद्यावर दिसणारा जीपीएसचा वेग थोडा मागून चालतो, ब्रेकच्या क्षणी तो फसवा. त्यापेक्षा फ्रेम मोजा. रस्त्यावर १० मीटर अंतरावरच्या दोन खुणा घ्या. सेकंदाला ३० फ्रेमच्या चित्रणात तेवढं जायला ३६ फ्रेम लागल्या तर वेळ १.२ सेकंद, म्हणजे ताशी ३० किमी. आणि रुंद भिंगात समोरची गाडी असते त्यापेक्षा दूर दिसते, म्हणून "व्हिडिओत लांब दिसतेय" हा युक्तिवाद टिकत नाही. एअरबॅग उघडली असेल तर अनेक गाड्यांच्या यंत्रणेत धडकेआधीच्या सुमारे ५ सेकंदांचा वेग आणि ब्रेकची नोंद असते. दुरुस्तीत तो भाग बदलण्याआधी ती उतरवून घ्यायला सांगा.

दावे लढवणारी वकील

पोलिसांची कारवाई आणि नुकसानीचा वाटा या वेगळ्या गोष्टी आहेत. एकावर गुन्हा नोंदला तरी नुकसान सत्तर-तीस असं वाटलं जाऊ शकतं. म्हणून जागेवर "माझंच चुकलं" किंवा "तुमचीच चूक" यातलं काहीच लिहून देऊ नका. जखमी कुणी आहे का ते आधी बघा. मग दोन्ही गाड्या आणि थांबण्याची रेषा एकाच चौकटीत येईल असा १०-१५ मीटरवरून फोटो घ्या, आणि त्यानंतरच गाड्या हलवा. पुढची चाकं कोणत्या बाजूला वळलेली आहेत तेही त्या फोटोत येऊ द्या, कारण गाडी हलली की ती खूण गेली.

जबाबात क्रम लिहा. कोणत्या तोंडाने, कोणत्या लेनमधून, रेषेवर थांबून की न थांबता, कुठे बाहेर पडायचं होतं, समोरची गाडी पहिल्यांदा दिसली तेव्हा ती कुठे होती. "अचानक आली" लिहू नका. बघितलं नव्हतं, असाच त्याचा अर्थ लावला जातो.